‘बार्सिलोना’ : वाद्यवृंदाची वाट पाहणारा स्वर

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने स्पेनच्या ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्या साथीने केलेला ‘बार्सिलोना’ हा अल्बम ऑक्टोबर १९८८ मध्ये प्रकाशित झाला. बँडबाहेर फ्रेडीने केलेला हा दुसरा आणि अखेरचा अल्बम. हार्ड रॉकच्या गदारोळात घडलेला पुरुषाचा आवाज, ऑपेराच्या परंपरेत मुरलेला स्त्रीचा आवाज आणि दोहोंच्या पाठीशी सिम्फनीच्या थाटाची भव्य रचना, असा मेळ लोकप्रिय संगीतात तोवर क्वचितच कोणी घातला होता. मात्र ‘ऑर्केस्ट्रल रॉक’चा नमुना म्हणून ज्या अल्बमकडे बोट दाखवले जाते, त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणात पूर्ण वाद्यवृंद नव्हताच. तो मिळाला २०१२ मध्ये. तोवर फ्रेडीच्या निधनाला जवळजवळ एकवीस वर्षे लोटली होती.

या गायकाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ नावापुरता नाही. पियानोचे धडे, शाळेच्या गायकवृंदातील गाणे आणि पहिला बँड या तिन्ही गोष्टी त्याला सातारा जिल्ह्यातील पाचगणीने दिल्या. ‘बार्सिलोना’ समजून घेण्यासाठी सुरुवात तेथूनच करावी लागते.

पाचगणीतील बालपण

फ्रेडीचे मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील पारशी, बुलसारा हे आडनाव गुजरातमधील वलसाड अर्थात बुलसारवरून आलेले. वडील बोमी बुलसारा झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. मुलाचे शिक्षण चांगले व्हावे म्हणून त्यांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये पाठवले. इंग्रजी वळणाच्या या निवासी शाळेतच फारोखचा ‘फ्रेडी’ झाला. सुट्यांमध्ये इतक्या दूर घरी जाणे नेहमी शक्य नसे. अशा वेळी तो मुंबईच्या नातेवाइकांकडे राही.

शाळेत त्याचा संगीताकडील ओढा लवकर ध्यानात आला आणि त्याच्या पियानोच्या शिक्षणाची वेगळी व्यवस्था झाली. चौथ्या इयत्तेपर्यंतच्या पियानोच्या परीक्षा तो उत्तीर्ण झाला. शाळेच्या गायकवृंदातही तो गात असे. १९५८ मध्ये पाच विद्यार्थ्यांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची त्या काळी गाजणारी गाणी हा बँड वाजवी. नोंद घेण्याजोगी बाब अशी की, पुढे जगातील श्रेष्ठ रॉक गायकांत गणना झालेला फ्रेडी या बँडचा मुख्य गायक नव्हता. तो पियानोवर बसे. या पाचांपैकी एक जण पुढे पुण्यात सिझलर्सचे रेस्तराँ चालवत होता. त्यामुळे पुण्याच्या जुन्या खवय्यांना ‘हेक्टिक्स’च्या कथा ठाऊक असत.

१९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती होऊन रक्तपात झाला, तेव्हा बुलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठले. लंडनच्या ईलिंग येथील कला महाविद्यालयात फ्रेडीने ग्राफिक कलेची पदविका घेतली. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर तो ‘क्वीन’मध्ये उभा राहिला. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आला आणि बँडची चौकट पूर्ण झाली.

‘क्वीन’ आणि हेवी मेटल

‘क्वीन’ला शुद्ध अर्थाने हेवी मेटल बँड म्हणता येत नाही. तथापि १९७३-७४ मधील त्यांच्या पहिल्या तीन अल्बममध्ये जड, घनगंभीर गिटार आणि वेगवान ताल यांचे प्राबल्य होते, आणि मेटलच्या पुढच्या पिढ्यांनी हा वारसा उघडपणे मान्य केला. १९७४ च्या ‘शीअर हार्ट अटॅक’ अल्बममधील ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ हे गाणे अमेरिकेच्या ‘मेटालिका’ने १९९० मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि १९९१ मध्ये त्याला मेटल विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला. फ्रेडीच्या निधनानंतर २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये झालेल्या श्रद्धांजली कार्यक्रमाचा आरंभ ‘मेटालिका’नेच केला. ‘ब्लॅक सबाथ’चे टोनी आयोमी, ‘डेफ लेपर्ड’, ‘गन्स एन रोझेस’ अशी हार्ड रॉक आणि मेटलमधील ठळक नावे त्या मंचावर होती.

दुसरीकडे ऑपेराची ओढही सुरुवातीपासूनच दिसते. १९७५ च्या अल्बमचे नावच ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’. त्यातील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे सुमारे सहा मिनिटांचे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याच्या मधल्या भागात शेकडो गायकांचा वृंद गातो आहे असा भास होतो. प्रत्यक्षात फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनीच आपले आवाज टेपवर एकावर एक चढवत तो उभा केला. त्या काळातील ‘क्वीन’च्या अल्बमवर, यात सिंथेसायझर वापरलेला नाही, अशी नोंद अभिमानाने छापलेली असे. बँडने हे वाद्य प्रथम वापरले ते १९८० च्या ‘द गेम’ अल्बममध्ये. ‘बार्सिलोना’च्या संदर्भात ही नोंद पुढे महत्त्वाची ठरते.

ऑक्टोबर १९७९ मध्ये लंडनच्या कलिसियम रंगमंदिरात रॉयल बॅलेच्या नर्तकांसमवेत एका मदत कार्यक्रमात फ्रेडीने गायन आणि नृत्यही केले. अभिजात कलांचे जग त्याला परके नव्हते; मात्र त्यात शिरायचे ते आपल्या अटींवर, अशी त्याची वृत्ती होती.

स्वतंत्र वाटेचा पहिला प्रयत्न

फ्रेडीचा पहिला एकल अल्बम ‘मिस्टर बॅड गाय’ एप्रिल १९८५ मध्ये आला. जर्मनीतील म्युनिक येथे ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमचा तोंडवळा त्या काळच्या डिस्को आणि नृत्यसंगीताचा होता. शीर्षकगीतात वाद्यवृंदाचा वापर असला, तरी एकूण अल्बमची जात निराळी होती. ब्रिटनच्या यादीत तो सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी १३ जुलै रोजी ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात ‘क्वीन’ने वेम्बली स्टेडियम गाजवले आणि फ्रेडी पुन्हा बँडमध्ये रमला. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे झालेला कार्यक्रम हा फ्रेडीसह ‘क्वीन’चा शेवटचा जाहीर कार्यक्रम ठरला.

काबाये यांची भेट

मोन्सेरात काबाये यांचा जन्म १२ एप्रिल १९३३ रोजी बार्सिलोना येथे झाला. सोप्रानो, म्हणजे स्त्रीकंठातील सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या विसाव्या शतकातील मोजक्या श्रेष्ठ गायिकांत त्यांची गणना होते. दीर्घ श्वासावर अत्यंत हळुवार आणि तरीही सभागृहाच्या टोकापर्यंत पोहोचणारा सूर लावण्यासाठी त्या ख्यात होत्या. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये फ्रेडीने त्यांना ऐकले आणि तो त्यांचा चाहता झाला. १९८६ मध्ये स्पेनच्या दौऱ्यावर असताना, आपल्याला सर्वाधिक आवडणारा आवाज काबाये यांचा असल्याचे त्याने तेथील दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले. ही गोष्ट काबाये यांच्यापर्यंत पोहोचली आणि मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात दोघांची भेट ठरली.

भेटीला जाताना फ्रेडीने आपला सहकारी, पियानोवादक व संगीतकार माइक मोरान याला बरोबर घेतले. सोबत एक टेप होती. त्यात ‘एक्सरसायझेस इन फ्री लव्ह’ ही शब्दविरहित रचना होती. फ्रेडीने काबाये यांच्या शैलीचे अनुकरण करत ती कृत्रिम उंच आवाजात गायली होती आणि मोरानने पियानोची साथ केली होती. काबाये यांना ती इतकी भावली की, थोड्याच दिवसांत लंडनमधील आपल्या मैफलीत मोरानच्याच साथीने त्यांनी ती सादर केली. पुढे हीच चाल ‘एन्सुएन्यो’ या नावाने शब्दांसह अल्बममध्ये आली.

बार्सिलोना शहराला १९९२ च्या ऑलिंपिकचे यजमानपद १९८६ मध्येच मिळाले होते. आपल्या जन्मगावावर एक गाणे व्हावे, अशी काबाये यांची इच्छा होती. त्यातून ‘बार्सिलोना’ हे गाणे आणि मग एका गाण्यावर न थांबता संपूर्ण अल्बम आकाराला आला.

ध्वनिमुद्रणाची रीत

अडचण वेळेची होती. काबाये यांच्या तारखा कित्येक महिने, काही ठिकाणी तर काही वर्षे आधीच ठरलेल्या असत. रॉक संगीतकारांची पद्धत नेमकी याच्या उलट. स्टुडिओत आठवडेच्या आठवडे बसायचे, चाल घडवायची, मोडायची, पुन्हा घडवायची. यावर तोडगा निघाला तो असा : फ्रेडी आणि मोरान आधी गाण्याचा पूर्ण आराखडा तयार करत. त्यात काबाये यांच्या वाट्याच्या ओळीही फ्रेडी स्वतःच उंच आवाजात गाऊन ठेवी. ती टेप काबाये यांच्याकडे जाई. त्या भाग बसवत आणि सवड मिळेल त्या दिवशी स्टुडिओत येऊन गात.

ऑपेरा गायकाला लिखित स्वरलिपी लागते, तर रॉक गायक कानाने शिकतो. या दोन पद्धतींमधील पूल मोरान याने बांधला. फ्रेडीच्या डोक्यातील चाल कागदावर उतरवणे, काबाये यांच्या आवाजाची मर्यादा आणि बलस्थाने ओळखून सुरावट बेतणे ही कामे त्याने केली. निर्मितीत डेव्हिड रिचर्ड्स या ध्वनितंत्रज्ञाचा वाटा होता. दोन रचनांच्या शब्दांसाठी ‘एव्हिटा’ फेम गीतकार टिम राइस यांचे साह्य लाभले. ध्वनिमुद्रण १९८७ मध्ये सुरू होऊन १९८८ च्या मध्यापर्यंत चालले.

वाद्यवृंद नव्हे, कीबोर्ड

मराठी माणसाच्या बोलण्यात ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाला स्वतःचा असा अर्थ आहे. पारनेर तालुक्यातील सुपा असो वा नगर-पुणे रस्त्यावरचे दुसरे कोणते गाव, यात्रेत किंवा गणेशोत्सवात ‘ऑर्केस्ट्रा आहे’ म्हटले की गाजलेल्या मराठी-हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम असाच त्याचा अर्थ घेतला जातो. दोन-तीन गायक, निवेदक, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड एवढा संच असतो. मूळ गाण्यात चाळीस व्हायोलिने असली तरी मंचावर ती सारी एका कीबोर्डच्या पट्ट्यांतून निघतात. बासरी, सनई, व्हायोलिन यांचे आवाज बटण दाबून बदलले जातात आणि श्रोत्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही.

‘बार्सिलोना’च्या मूळ ध्वनिमुद्रणात तत्त्वतः हीच युक्ती होती. व्हायोलिन, चेलो, हॉर्न यांसारखी मोजकी प्रत्यक्ष वाद्ये सोडली, तर बहुतेक ‘वाद्यवृंद’ मोरान याने कीबोर्ड आणि सिंथेसायझरवर उभा केला होता. तालासाठीही बव्हंशी यंत्राचा आधार घेतला होता. ज्या फ्रेडीच्या बँडने १९७० च्या दशकात सिंथेसायझर न वापरल्याची नोंद अल्बमवर छापली, त्याचीच सर्वांत महत्त्वाकांक्षी निर्मिती सिंथेसायझरवर विसंबून होती, हा विरोधाभास नजरेत भरतो.

या निवडीचे कारण कामाच्या पद्धतीत सापडते. गाणे स्टुडिओत रोज बदलत असेल, तर प्रत्येक बदलासाठी ऐंशी वादकांना पुन्हा बोलावता येत नाही. कीबोर्डवर मात्र चाल, पट्टी, लय क्षणात बदलता येते. शिवाय १९८० च्या दशकात हे तंत्र नवे होते आणि त्याचे संगीतकारांना आकर्षणही होते. परिणामी अल्बमवर त्या दशकाचा शिक्का बसला. काबाये यांचा आवाज कालातीत, तर पाठीमागची तंतुवाद्ये १९८८ ची, अशी तफावत पुढील काळात श्रोत्यांना अधिकाधिक जाणवू लागली.

आठ रचना

मूळ अल्बममध्ये आठ रचना आहेत. शीर्षकगीताचा आरंभ घंटानाद आणि समूहस्वरांनी होतो. मग दोन आवाज आळीपाळीने येऊन अखेरीस एकत्र शिखर गाठतात. येथे दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची नक्कल करत नाही. काबाये ऑपेराच्याच रीतीने गातात, फ्रेडी रॉकच्याच रीतीने. दोघांमधील अंतर लपवण्याऐवजी त्यालाच रचनेचा आधार बनवले आहे, आणि हेच या गाण्याचे बळ आहे.

‘ला जापोनेझ’मध्ये जपानी शब्द आणि जपानी संगीताचा रंग आहे. ‘क्वीन’च्या १९७५ च्या पहिल्या जपान दौऱ्यापासून फ्रेडीला त्या देशाच्या कलेचे वेड होते. ‘द फॉलन प्रीस्ट’ हे नाट्यमय युगुलगीत धर्मगुरूचे व्रत आणि मोह यांतील संघर्षावर बेतलेले आहे. संपूर्ण अल्बममध्ये ऑपेराच्या सर्वांत जवळ जाणारी रचना हीच. ‘द गोल्डन बॉय’ ऑपेराच्या वळणाने सुरू होते आणि मध्येच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल वृंदगायनात शिरते. ‘गाइड मी होम’ आणि ‘हाउ कॅन आय गो ऑन’ या जोडरचना मात्र साध्या, आर्त चालींच्या आहेत. दुसऱ्या रचनेत बास गिटार ‘क्वीन’च्या जॉन डीकनने वाजवली आहे. शेवटची ‘ओव्हर्चर पिकान्ते’ आधीच्या रचनांतील स्वरखंड एकत्र गुंफते. ऑपेरात ‘ओव्हर्चर’ आरंभी येते. येथे ती अखेरीस आली आहे.

आजार आणि अखेरचा मंच

ज्या काळात हे काम चालू होते, त्याच काळात, १९८७ मध्ये, फ्रेडीला एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे निदान झाले. त्यावर तेव्हा परिणामकारक उपचार नव्हते. त्याने ही बाब अगदी निकटच्या मंडळींपुरतीच ठेवली. या पार्श्वभूमीवर पाहिले, तर त्याने कामाची निवड सोपी केली नाही हे ध्यानात येते. बँडच्या नावावर एखादा हमखास खपणारा अल्बम काढून थांबणे शक्य होते. त्याऐवजी आवाजाची सर्वांत कठीण परीक्षा पाहणारे आणि व्यापारी यशाची कोणतीही खात्री नसणारे काम त्याने हाती घेतले.

मे १९८७ मध्ये इबिझा बेटावरील कू क्लबमध्ये दोघांनी ‘बार्सिलोना’ प्रथम लोकांसमोर आणले. त्याच वर्षीच्या अखेरीस एकेरी तबकडी म्हणून ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाल्यावर हे गाणे आठव्या क्रमांकावर पोहोचले. अल्बमला मात्र ऑक्टोबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. रॉकच्या श्रोत्यांना त्यात गिटार कमी वाटली, तर ऑपेराच्या रसिकांना यांत्रिक ताल खटकला. दोन्ही दरबारांत मानाचे पान न मिळण्याचे भाग्य संकर करणाऱ्या कलाकृतींच्या वाट्याला अनेकदा येते. ‘बार्सिलोना’ही त्याला अपवाद ठरला नाही.

८ ऑक्टोबर १९८८ रोजी बार्सिलोनात ऑलिंपिक ध्वजाच्या स्वागतासाठी ‘ला नित’ हा सोहळा झाला. स्पेनच्या राजघराण्याच्या उपस्थितीत फ्रेडी आणि काबाये यांनी तीन गाणी सादर केली. हे सादरीकरण ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवून झाले, आणि त्यावरून टीकाही झाली. फ्रेडी त्यानंतर श्रोत्यांसमोर मंचावरून गायला नाही. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स झाल्याचे निवेदन प्रसिद्धीस दिले आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमधील आपल्या घरी त्याचे निधन झाले. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत झाला.

ऑलिंपिक आणि नंतर

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये हे गाणे दोघांनी मिळून गावे, हे स्वप्न अपुरे राहिले. परंतु गाणे मागे पडले नाही. बीबीसीने ऑलिंपिकच्या प्रक्षेपणासाठी ते शीर्षकसंगीत म्हणून वापरले आणि १९९२ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. गायकाच्या हयातीत आठव्या क्रमांकावर थांबलेले गाणे त्याच्या पश्चात सहा पायऱ्या वर चढले. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर मँचेस्टर युनायटेड आणि बायर्न म्युनिक यांच्यातील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापूर्वी काबाये यांनी फ्रेडीच्या ध्वनिमुद्रित आवाजाबरोबर ते पुन्हा गायले. काबाये यांचे निधन ६ ऑक्टोबर २०१८ रोजी बार्सिलोनातच झाले.

२०१२ : वाद्यवृंद येतो

सप्टेंबर २०१२ मध्ये अल्बमची नवी आवृत्ती प्रकाशित झाली. ‘क्वीन’च्या गाण्यांवर आधारलेल्या ‘वुई विल रॉक यू’ या संगीतिकेशी संबंधित असलेल्या स्टुअर्ट मोर्ली याने मोरानच्या कीबोर्डवरील सर्व भाग कान देऊन ऐकले, ते प्रत्यक्ष वाद्यांसाठी नव्याने लिहिले आणि प्रागच्या ‘फिल्महार्मोनिक’ वाद्यवृंदाच्या ८० वादकांनी ते वाजवले. ड्रम यंत्राच्या जागी काही ठिकाणी रॉजर टेलरचा मुलगा रुफस याचे प्रत्यक्ष ड्रमवादन आले. ‘ला जापोनेझ’मध्ये कोतो हे जपानी तंतुवाद्य आले. आवाज मात्र मूळचेच ठेवले.

हे काम वरवर वाटते तितके सरळ नाही. सामान्यतः ऑपेरात वाद्यवृंद गायकाच्या श्वासाबरोबर चालतो. गायक एखाद्या सुरावर रेंगाळला, तर संचालक हात थांबवतो. येथे गायकाचा श्वास चोवीस वर्षांपूर्वीच टेपवर बंद झालेला होता. तो लांबवता येत नव्हता की आवरता येत नव्हता. त्यामुळे ८० वादकांना त्या गोठलेल्या लयीशी क्षणाक्षणाला जुळवून घ्यावे लागले. कीबोर्डवर शक्य असलेल्या पण माणसाला वाजवता न येणाऱ्या जागाही असतात. व्हायोलिनच्या गजाला वळायला वेळ लागतो, हॉर्नवादकाला दम घ्यावा लागतो. अशा जागा नव्याने रचणे हे संयोजकाचे कौशल्य.

दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकल्या की फरक स्पष्ट होतो. नव्या आवृत्तीत तंतुवाद्यांना खोली आहे, मंद्र सुरांना वजन आहे आणि काबाये यांच्या आवाजाला साजेशी जागा मोकळी झाली आहे. त्याच वेळी एक गोष्टही सिद्ध होते. ८० वादकांना काय वाजवायचे, याचे उत्तर १९८८ च्या ध्वनिमुद्रणातच होते. चालींमधील चढउतार, स्वरांची उतरंड, समूहस्वरांचे थर हे सारे आधीच रचलेले होते. कीबोर्डने ते केवळ तात्पुरते अंगावर घेतले होते. रचनेतच वाद्यवृंद नसेल, तर शंभर व्हायोलिने आणूनही गाणे मोठे होत नाही; आणि तो असेल, तर दोन हातांनी वाजवलेला कीबोर्डही त्याची निशाणी जपून ठेवू शकतो. मूळ आवृत्ती बाद ठरत नाही ती यामुळेच. फ्रेडीने स्वतः मान्य करून जगासमोर ठेवलेले रूप तेच आहे.

पुढचा प्रवाह

रॉक आणि वाद्यवृंद यांचा संयोग फ्रेडीपासून सुरू झाला नाही. ‘डीप पर्पल’ने सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह कार्यक्रम केला होता. मात्र ऑपेराचा आवाज आणि रॉकची ताकद यांचे लग्न लावण्याची जी वाट ‘बार्सिलोना’ने दाखवली, ती १९९० च्या दशकात ‘सिम्फनिक मेटल’ या नावाने हमरस्ता झाली. १९९६ मध्ये फिनलंडमध्ये स्थापन झालेल्या ‘नाइटविश’मध्ये तार्या तुरुनेन ही अभिजात शिक्षण घेतलेली सोप्रानो गाऊ लागली. ऑक्टोबर २००५ मध्ये जाहीर पत्राद्वारे तिला बँडमधून वगळण्यात आले. त्यानंतर २००७ मध्ये तिने ‘माय विंटर स्टॉर्म’ हा वाद्यवृंदाचा भरघोस वापर असलेला एकल अल्बम काढला. तेथे गायिका ऑपेराकडून मेटलकडे आली. फ्रेडीचा प्रवास उलट दिशेचा होता. ‘मेटालिका’नेही १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसोबत आपली गाणी सादर केली.

महाराष्ट्रातही या वाटेवर पावले उमटली. २००० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने जहाल मेटलला कीबोर्डवरील सिम्फनीची जोड दिली. मुंबईच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताची परंपरा तर जुनी आहे आणि तिच्यात फ्रेडीच्या पारशी समाजाचा वाटा मोठा. झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. मराठी चित्रपटात २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन पूर्ण वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केले. सुप्याहून पुण्याकडे निघाले की लागणाऱ्या शिरूरच्या परिसरात या भावंडांचे बालपण काही काळ गेले. त्याच ‘सैराट’ची गाणी गावोगावच्या यात्रांत पुन्हा एका कीबोर्डवर वाजली आणि लोकांनी ती तितक्याच उत्साहाने ऐकली. वाद्यवृंदाकडून कीबोर्डकडे आणि कीबोर्डकडून वाद्यवृंदाकडे, हा प्रवास दोन्ही दिशांनी होत असतो.

पाचगणीच्या शाळेत पियानोवर बसणाऱ्या मुलाने पुढे जगातील मोठी मैदाने आवाजाने भरून टाकली. ‘बार्सिलोना’मध्ये मात्र त्याने स्वतःहून मोठ्या आवाजाशेजारी उभे राहणे पसंत केले. ‘क्वीन’च्या गाण्यांइतका हा अल्बम खपला नाही. तरीही फ्रेडी मर्क्युरी हा केवळ बँडचा गायक नव्हता, तर रचनाकारही होता, याचा पुरावा शोधणाऱ्याला या आठ रचनांपर्यंत यावेच लागते.

‘बार्सिलोना’ : दृष्टिक्षेपात

- गायक : फ्रेडी मर्क्युरी, मोन्सेरात काबाये
- मूळ प्रकाशन : ऑक्टोबर १९८८
- रचना : ८
- संगीत सहकारी : माइक मोरान, निर्मिती साह्य : डेव्हिड रिचर्ड्स
- शीर्षकगीत, ब्रिटनमधील क्रमांक : १९८७ मध्ये ८, १९९२ मध्ये २
- अल्बम, ब्रिटनमधील क्रमांक : २५ (१९८८)
- वाद्यवृंदासह आवृत्ती : सप्टेंबर २०१२, प्राग फिल्महार्मोनिक, ८० वादक, संयोजन स्टुअर्ट मोर्ली
- फ्रेडीचा पहिला एकल अल्बम : ‘मिस्टर बॅड गाय’, १९८५